सुपातला हात

चपला दाराबाहेर काढून शिवराज आत आला आणि अंथरलेली सतरंजी सोडून थेट सरदारबीच्या सुपाशेजारी फरशीवर बसला.

सरदारबीचे हात थांबले नाहीत. तेंदूचं पान घेतलं, तंबाखू भरला, वळलं, धागा बांधला. पुढारी जमिनीवर बसायला लागला की समजावं, निवडणूक आली. भवानी पेठेतल्या फरशा काय अशाच पुसून निघतात.

"खाला, माझी आई बिड्याच वळायची," तो म्हणाला. "पाण्याचं, गटारीचं बघूच. पण पयलं काम छाटीचं. चांगली बिडी वाकडी म्हणून बाजूला काढायची, तिची मजुरी बुडवायची आन वर तीच विकायची. हे मी बंद करणार."

"खरं बोलतोय की," दारात उभी असलेली शेजारीण रत्नम्मा म्हणाली.

खरं होतंच, आणि तेच सरदारबीला टोचत होतं. मागचा उमेदवारही नळाचं खरंच बोलला होता. तिनं गल्लीतल्या बायकांना त्याचं बटण दाबायला सांगितलं, आणि पुढं प्रत्येक कोरड्या नळापाशी टोमणे तिनंच खाल्ले. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आता या शिवराजला ती रविवारच्या सभेत बोलायला हवी होती. पुन्हा फसली, तर गल्लीत तिचा शब्द कुणी विचारणार नव्हतं.

"कुटं ऱ्हायची तुमची आई?"

"शेळगीला. आता न्हाय ती."

तो बोलत राहिला. बायकांच्या खोकल्याचं बोलला, दवाखान्याचं बोलला. बोलता बोलता त्याचा हात सुपात गेला. सून नाजनीननं सकाळपासून वळलेल्या बिड्या होत्या त्या.

सरदारबी बघत राहिली. बिडीवालीचं पोर सुपाजवळ बसलं की बिडीची तोंडं दुमडायला लागतं. तिचा मुबीन आता रिक्षा चालवतो, पण जेवायला थांबला तरी त्याची बोटं तेच करतात. शिवराजचा अंगठा मात्र बिडीच्या पोटावरून फिरला. दाबली, बाजूला ठेवली. दुसरी परत सुपात टाकली. तिसरी बाजूला. तो तिकडं बघतही नव्हता. असला हात ती रोज संध्याकाळी कारखान्याच्या खिडकीत बघायची, बिड्या छाटणाऱ्या चेकरचा.

"छाट म्हंजे चोरी, खाला," तो म्हणाला आणि चौथी बिडी बाजूला ठेवली.

तो उठला तेव्हा फरशीवर पाच बिड्या ओळीनं पडल्या होत्या.

"मग रविवारी येताय न्हवं?"

"बघू की."

तो गेल्यावर तिनं त्या पाची बिड्या एकेक करून दाबून पाहिल्या. एकही वाकडी नव्हती, एकही पोकळ नव्हती. तिनं त्या परत सुपात टाकल्या.

"बायकांना काय सांगू?" रत्नम्मानं विचारलं. "जाणार न्हवं तुमी?"

"जाणार की," सरदारबी नवं पान हातात घेत म्हणाली. "सूप बी नेणार. समद्यांसमोर त्याला शेजारी बसवून घेते."