मास्तरांनी न प्यायलेलं पाणी

टेलरमास्तरांचा डॉक्टरांपेक्षा इलास्टिकवर जास्त विश्वास होता, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

प्रोस्टेटची गाठ वाढून लघवीची वाट अडली होती. कित्येक दिवस मास्तर नळी लावून, मांडीला पिशवी बांधून वावरत होते. गाठ काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की वाट अडल्याने मूत्राशय फार ताणलं गेलंय, त्यातले लवचीक धागे राठ झालेत. आता नळी काढून बघू. आपणहून लघवी झाली तर उत्तम, नाहीतर नळी परत घालावी लागेल, कदाचित कायमची. ताणून सैल पडलेलं इलास्टिक मास्तरांनी उभ्या आयुष्यात परत वापरलं नव्हतं.

सकाळी सिस्टरने नळी काढली, उशाशी पाण्याचा जग ठेवला आणि भरपूर प्या असं बजावून गेली. दुपार झाली तरी मास्तर कोरडे ठणठणीत. बायकोचा जीव टांगणीला लागला. शेवटी सिस्टर नवी नळी घेऊन आली. तिला जागा करून द्यायला बायकोने जग उचलला, तर तो काठोकाठ भरलेला.

"अहो, घोटभरसुद्धा प्यायला नाहीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. "आधीच ताणलंय म्हणतात. सैल इलास्टिकला आणखी ताण दिला तर उरलंसुरलंही जायचं."

मागून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, मग खो खो हसत सुटल्या. "मास्तर, तुमचं इलास्टिक दुकानातलं. हे जिवंत आहे, अडथळा गेला की हळूहळू सावरतं. पण भरलंच नाही तर आकसणार कसं?"

नवी नळी बाजूला राहिली. बायको पेले भरत गेली आणि मास्तर निमूट पीत गेले. मग एकदाचे ते बाथरूममध्ये शिरले. बराच वेळ काहीच होईना. संपलं सगळं, असं वाटून त्यांनी नाडी बांधायला घेतली. तेवढ्यात थेंब आले, थांबले, आणि मग अशी धार लागली की तरुणपणीसुद्धा लागली नसेल. मास्तरांना रडू फुटलं. ते त्यांनी आवरलंही नाही.

रडण्याचा आवाज ऐकून बाहेर बायको घाबरली. दारावर थापा मारत तिने विचारलं, "अहो, काय झालं? सिस्टरना बोलावू का?"

"थांब गं," मास्तर हुंदका गिळत म्हणाले, "अजून चालूच आहे."