बरेसाहेबांची कळ

मी कळ बोलतेय. दचकू नका, पोटातली नव्हे! आणि दोघांत भांडण व्हावं म्हणून लावतात, तीही नव्हे. मी कळफलकावरची कळ, लिहिलेलं खोडणारी. शेजारणी अक्षरं उमटवतात, मी पुसते, म्हणून त्या माझ्याशी जरा फटकूनच वागतात.

कारखान्यात आम्ही सगळ्या सारख्याच घडलो, पण नशीब ज्याचं त्याचं. मी आले एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्या साहेबांच्या टेबलावर. माणूस लाख मोलाचा! नवा सिनेमा पाहून आले की डोळे मिटून बसायचे, मग धडाधड लिहायचे. 'नायक तीन तास चालतो, पोहोचत कुठेच नाही.' असं झकास वाक्य उतरलं की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायची. तेवढ्यात त्यांचं बोट माझ्यावर! दिग्दर्शक काय म्हणेल, वाचक काय म्हणतील? वाक्य गायब, त्या जागी 'चित्रपट बरा आहे.' कौतुकाचंही तेच. 'अप्रतिम' लिहायचे, खोडायचे, की पुन्हा 'बरा'. सगळी कचेरी त्यांना बरेसाहेब म्हणायची. माझ्यावरचा बाण पार झिजला हो!

मग त्यांच्या धाकट्या बहिणीने लिहून दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा आला. संपादकबाई म्हणाल्या, "नातं उघड सांगा आणि तुम्हीच लिहा." आईवडील गेलेले, भावंडं दोनच. एका परीक्षणापायी तीही तुटली तर? दुपारभर लिहून-खोडून त्यांनी कसंबसं संपवलं. इतक्यात धाकटी त्यांना घरी न्यायला आली आणि मागे उभी राहून वाचू लागली.

"'पहिल्या प्रयत्नाच्या मानाने बरा'? दादा, शेवट आवडला तुला?"

"म्हणजे... तसा..."

"दादा!"

"नाही आवडला. सगळी पात्रं भाषणं ठोकत सुटतात. प्रेक्षकांवर तुझा विश्वासच नाही."

तिचा चेहरा पडला. मलाच वाईट वाटलं. मग तिने विचारलं, "आणि पंख्याचा प्रसंग?"

त्या प्रसंगात नवरा गेल्यावर आई जुना खडखडणारा पंखा दुरुस्त करून घेते. मग शांततेत तिला झोप येईना, तेव्हा मिस्त्रीला पुन्हा बोलावून म्हणते, "बाबा रे, होता तसा करून दे."

साहेब म्हणाले, "रडलो गं मी. आपलीच आई ती."

"मग ते कुठाय इथे?"

"लोक म्हणतील, बहिणीची भलामण करतोय."

"म्हणू देत की! राग पण गिळलास, रडणं पण गिळलंस. मग माझा सिनेमा पाहिला कुणी?"

तिने माझ्यावर बोट दाबून धरलं. सगळं परीक्षण साफ.

"लिही आता."

साहेबांनी लिहिलं, 'शेवट फसला आहे.' तिने ओठ चावला. पुढे लिहिलं, 'पंख्याच्या प्रसंगात मी रडलो.' सवयीने बोट माझ्याकडे वळलं. तिने ते अलगद धरलं.

हल्ली मला काम कमी. लिहिणाऱ्यांनो, चुकलेलं जरूर खोडा, मी त्यासाठीच आहे. पण मनापासून वाटलेलं माझ्या स्वाधीन करू नका, एवढीच विनंती.

परीक्षण छापून आल्यावर धाकटी काही दिवस रुसली होती. काल तिचा फोन आला. "दादा, नवी गोष्ट लिहितेय. शेवट ऐकतोस?"

"ऐकतो. पण वाटेल ते बोलेन हं."

"अरे, म्हणून तर तुलाच विचारतेय!"