चिलमीचा खडा

बायडाबाईने तार चिलमीच्या बुडातून आत घातली आणि जोर लावून फिरवली. काळी चिकट घाण तारेला लागून बाहेर आली. तिने ती दगडावर पुसली आणि तार पुन्हा आत घातली. शेळ्यांच्या गोठ्यामागे, घरातून कुणाला दिसणार नाही अशा बेताने ती बसली होती. साठीला टेकलेल्या बाईला स्वतःच्याच घरी असं लपूनछपून बसायची वेळ आली होती, आणि तीही कशासाठी, तर चिलमीसाठी.

वस्तीवर कुणी पाहिलं असतं तर त्याचा डोळ्यांवर विश्वास बसला नसता. बायडाबाई आणि चिलीम यांचं हाडवैर सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती नवऱ्याच्या चिलमीच्या नावाने बोटं मोडत आली होती. बंकटचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला. रानात सोबतीला एक कुत्रं आणि एक चिलीम. "त्या सवतीलाच घेऊन जावा," असं ती निघताना खवचटपणे म्हणायची, आणि तो खरंच घेऊन जायचा.

गेल्या उन्हाळ्यात बीडच्या डॉक्टरांनी बंकटच्या घशात गाठ असल्याचं सांगितलं. त्या दिवशी घरात पाऊल टाकल्याबरोबर बायडाबाईने कोनाड्यातली चिलीम उचलली आणि पाट्यावर आपटली. तिचे तुकडे ती उकिरड्यावर टाकून आली. बंकट बघत राहिला.

मग दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, सलाइनी झाल्या, विजेचे शेक झाले. आणि पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी पोराला, जीवनला, बाजूला बोलावलं. जीवनने घरी आल्यावर आईला याच गोठ्यामागे आणून सांगितलं.

"आता आनू नका म्हनले. घरीच ठिवा. जे मागतील ते द्या म्हनले."

"कावून? औषध संपलं का त्यांच्याकडलं?"

जीवन शर्टाला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत राहिला. सगळी निघाली तरी त्याचा हात थांबेना, तेव्हा बायडाबाईने पुढे काही विचारलं नाही.

बंकटला त्यांनी सांगितलं की औषध लागू पडलं, आता बीडला जायचं काम नाही. तो "बरं" म्हणाला.

जे मागतील ते द्या. पण बंकट मागत होता ती एकच गोष्ट. सकाळी चहा झाला, म्हणजे चमच्याचमच्याने जेवढा उतरेल तेवढा झाला, की तो हळूच म्हणायचा, "बायडे, चिलीम दे की." आणि ती फणकाऱ्याने म्हणायची, "न्हाई. आधी बरं व्हा, मंग ओढा." त्यावर तो हसायचा, "लई खट बाई हाय," म्हणायचा आणि उरलेल्या चहासाठी वाटी पुढे करायचा. उन्हाळ्यापासून हे रोजचं झालं होतं. पण जीवन ते बोलून गेल्यापासून बायडाबाईच्या तोंडून ते 'न्हाई' निघता निघेना. माणूस चालला आहे, एवढीशी गोष्ट मागतो आहे, आणि आपण कसं कसाबासारखं वागतो आहोत, असं तिला वाटायचं. त्याने जाण्याआधी एकदा तरी चिलीम ओढावी, एवढं एकच तिच्या मनाने घेतलं.

वडवणीच्या बाजारात नव्या चिलमी मिळत होत्या. पण नव्या चिलमीचा धूर महिनाभर मातीचा लागतो, हे बंकटचं ठरलेलं बोलणं. म्हणून ती जुनंपानं विकणाऱ्याच्या गोणपाटासमोर बसली आणि तिने एक वापरलेली चिलीम उचलली. काठाचा टवका उडालेला, उभी चीर गेलेली, आत खडा नाही, भोक गच्च बुजलेलं.

"मोडकी हाय की, मावशी," विकणारा स्वतःच म्हणाला.

"असू दे. मी करते नीट."

कसं करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं शिव्या घालता घालता ती बघत आली होती. पहिल्या दिवशी तिने चिलीम गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरली. आतली घाण जळायला लागली आणि वास सुटला. बंकट रानातून आला की त्याच्या पटक्याला यायचा तोच. त्या वासाने जन्मभर तिचं डोकं उठत आलं होतं. त्या दिवशी तिने तो नाक भरून घेतला आणि तोंडात पदर कोंबून रडली.

चीर भरायला तिने चुना आणि गूळ एकत्र कुटला. वरून जीवनच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार घट्ट गुंडाळली. चार दिवस चिलीम सावलीत वाळली, तरी आतली तारेने काढायची घाण होतीच, ती आज निघाली. राहिला खडा. चिलमीच्या तळाशी बसवायचा, धूर सोडणारा आणि निखारा अडवणारा. "खडा बरोबर नसला तर इस्तू नरड्यात जातो," असं बंकट म्हणायचा. खापराचा तुकडा ती दगडावर घासत राहिली. पहिला मोठा झाला, दुसरा खालून निसटला. तिसरा मात्र असा बसला की फुंकर जात होती आणि तो हलत नव्हता. तिने बंकटच्या जुन्या धोतराची चिंधी छापीसाठी, ओढताना चिलमीच्या बुडाला ओली करून गुंडाळायला, फाडून घेतली आणि चिलीम ओटीत लपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून बबिता चहाची वाटी घेऊन आली. दोन चमचे उतरले. बंकट उशीला टेकला.

"बायडे, चिलीम दे की."

बायडाबाईने ओटीतून चिलीम काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

तो हसण्याच्या तयारीतच होता. ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. त्याने चिलीम फिरवून पाहिली, तारेवरून अंगठा फिरवला, खडा हातावर पाडून निरखला आणि परत आत टाकला.

"तूच केलीस नीट?"

"मंग कोन करनार?"

"खडा बरोबर बसलाय."

"तंबाकू बी आनलीय. भरू का?" ती घाईने म्हणाली. त्याचं तोंड उजळलेलं बघायला ती आठ दिवस थांबली होती.

बंकटने बबिताकडे पाहिलं. तिने तोंड चुलीकडे फिरवलं.

"जीवनला डागदर काय म्हनला, बायडे?"

"औषध लागू पडलं म्हनला. सांगितलं की तुमाला."

"हां. सांगितलंस."

तेव्हा कुठे बायडाबाईच्या ध्यानात आलं. चाळीस वर्षं जी बाई चिलमीच्या नावाने बोटं मोडत आली, ती आज हो म्हणाली होती. त्याला आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. आपण हे काय करून बसलो, असं होऊन तिला बसल्या जागी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बंकटने चिलीम तिच्या हातात परत दिली आणि तिची बोटं चिलमीवर मिटवली.

"माळ्यावर ठिव. डब्याच्या मागं."

"ओढा की थोडी. मी न्हाई म्हनत का आता?"

"उद्या मागीन मी," तो म्हणाला. घसा दुखत होता म्हणून तो थांबला. "तू न्हाई म्हन."

दुसऱ्या दिवशी चहा आला. बाहेर जीवन मेंढरं सोडत होता, त्यांच्या ओरडण्याने अंगण भरून गेलं होतं. आज एकच चमचा उतरला.

"बायडे, चिलीम दे की."

ती सुपात ज्वारी घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. खडे निवडत राहिली, निवडलेले परत दाण्यात पडत होते. बंकट वाट बघत होता.

"न्हाई," ती म्हणाली. "आधी बरं व्हा."

"लई खट बाई हाय," बंकट म्हणाला आणि त्याने वाटी पुढे केली.