फळ्यावरचे श्वास

मित्रांनो, ओळख मागाहून, आधी तक्रार ऐका. आमचा धम्मरत्न माझ्यावर मांडी घालतो, डोळे मिटतो आणि हातात लाल मार्कर धरून बसतो. ध्यानाला मार्कर लागतो, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मी एक जुनी वाकळ आहे. आता घडी करून भिंतीपाशी पडलेली असले, तरी मला नावं ठेवायची नाहीत. पिंपरीच्या या दोन खोल्यांत कस्तुराबाईनं मला शिवलं. आत तिची जुनी लुगडी, वर तिच्या नवऱ्याची, भिवाची, कंपनीची खाकी पँट. टाका असा, की तीस वर्षांत एक उसवला नाही. त्यांचा हा धम्मरत्न माझ्यावरच रांगला. भिवा गेल्यावर कस्तुराबाई रोज सकाळी माझ्यावर बसून नुसता श्वास बघायची. रडू आलं तर रडायची आणि पुन्हा श्वासाकडे यायची. मग घरात पलंग आला आणि मला माळ्यावर टाकलं. तिथं झुरळांनी तरी विचारपूस केली, माणसांनी तीही नाही.

यंदा मला खाली काढलं. धम्मरत्न चाकणच्या एका कारखान्यात लाइन सांभाळतो. माल कमी निघाला की साहेब ओरडतात, आणि ते ओरडणं तो घरी घेऊन येतो. छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टरांनी तपासलं. "हृदय ठीक आहे, ताण फार घेता. महिन्यानं दाखवायला या, आणि रोज थोडं शांत बसा."

शांत बसणं राहिलं बाजूला! यानं भिंतीवर फळा लावला, कारखान्यात दर तासाच्या मालाचा असतो तसा. मन भरकटलं की डोळे किलकिले करायचे आणि लाल रेघ मारायची.

काल एक्केचाळीस रेघा झाल्या. तेवढ्यात त्याची सात वर्षांची आम्रपाली पडलेला दात दाखवायला आली.

"पप्पा, बघा ना..."

"मोजणी चुकली माझी! हो बाहेर!"

दात पोरीच्या मुठीतच राहिला. आज ती या खोलीत पाऊल टाकत नाही. दप्तरसुद्धा आजीकडून मागवून घेतलं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला अधूनमधून ऊन दाखवा, आणि माझ्यावर बसाल तेव्हा कारखाना दाराबाहेर ठेवा. हेच मी त्याला सांगणार होते, पण मला तोंड नाही. कस्तुराबाईला आहे. आज तो माझ्यावर मार्कर धरून बसला, तोच ती ओलं फडकं घेऊन आली आणि सगळा फळा पुसून मोकळी झाली.

"आई! आठवड्याचं रेकॉर्ड होतं ते!"

"चुलीत घाल तुझं रेकॉर्ड. धम्मा, तू याच वाकळंवर रांगायचास. जरा नजर हलली की निघालास दाराकडं. मी उचलून आणायची, तू परत निघायचास. दिसात किती येळा, मोजलं न्हाई. वरडले असंन कधी, पण भिंतीवर लाल रेघा न्हाई मारल्या. मनाला तसंच आणायचं असतंय, रांगत्या पोरावानी. आन तू तर खऱ्या पोरीलाच हाकललंस. ऊठ. आधी तिचा दात बघ, मंग डोळं मीट."