एकही मूठ नाही

झडपेच्या पितळी कडेला पांढरट क्षार धरला होता... नखानं खरवडला तर निघेल, असं तिला उगाच वाटलं. एवढीशी झडप, बॉयलरमधली वाफ हाताबाहेर गेली की हिनं आपसूक उघडायचं. काल उघडली नाही. दाबाचा काटा लाल रेघेपार गेला तरी ही ढिम्म! काकांनी धावत जाऊन भट्टी विझवली म्हणून आज चौघं टेबलाभोवती उभी तरी होती.

"आजचा दिवस अशीच भट्टी पेटवून ढकलू," बॉयलर सांभाळणारे काका म्हणाले. "मिस्त्री उद्या येतोय. मी बसतो काट्यावर डोळा ठेवून."

"इस्पितळाच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात," थोरला दीर म्हणाला. जाऊ घड्या घालत राहिली.

चौघांची लाँड्री, चौघांचा कौल. टेबलावर पंजा म्हणजे हो, मूठ म्हणजे नाही. एक मूठ पडली की बेत रद्द. केवढा न्यायाचा नियम! आणि आजवर मूठ पडली होती एकदाच, तिची, नवं यंत्र घेताना. कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच तर... पुढे कितीतरी दिवस कुणी एका शब्दानं बोललं नाही. जाऊबाई चहा समोर ठेवायच्या आणि भिंतीकडे बघायच्या – मी काय कुणाचं घोडं मारलं होतं? – पुन्हा ते नको. पण इस्त्रीचं टेबल बॉयलरला खेटून. फुटला तर पहिली मीच.

काकांचा पंजा पडला. दिराचा. जावेचा. मूठ वळा ना, ती बोटांना म्हणत होती, वळा... आणि पंजा टेकलासुद्धा.

"म्हणजे... ठरलं," दीर म्हणाला. आवाज चिरकला त्याचा. काकांनी हात उचलला, तर टेबलाच्या पत्र्यावर घामाचा ओला पंजा उमटलेला.

"मला वाटलं, तू तरी नाही म्हणशील गं," जाऊ पुटपुटली.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. बॉयलरची भीती ओळखीची होती, ही वेगळीच. कुणालाच नको होतं, आणि चौघांनी मिळून ठरवलं होतं. काका भट्टीपाशी काडेपेटी शोधत होते – सावकाश, फार सावकाश, मागून कुणी हाक मारील म्हणून. हाक मारायला तिनं तोंड उघडलं. पण आधी तिनं बाकीच्यांच्या तोंडाकडे पाहिलं.