काचेच्या कपाटातलं पुस्तक

सुलेखा मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि काउंटरवर, खिळ्यांच्या तराजूशेजारी ठेवलं. सम्यकनं हात पँटला पुसले, पण पुस्तकाला लावले नाहीत. आधी त्यानं मॅडमना स्टूल दिलं आणि समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून चहा सांगितला. खुलताबादच्या बाजारात त्याचं हे हार्डवेअरचं दुकान होतं. पाइप, नळ, खिळे, आणि मागच्या भिंतीवर टांगलेली लहानमोठी कुलपं.

"तुझ्यासाठी आणलंय," मॅडम म्हणाल्या. "पहिलं प्रकरण बघ."

तो उभ्याउभ्याच वाचू लागला.

पंधराएक वर्षांपूर्वी तो त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. खेड्यातल्या शाळेतून आलेला, गणितात पक्का. प्रोग्रामिंगच्या तासाला, एक्सची किंमत एकानं वाढवायची म्हणून, मॅडमनी फळ्यावर 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' असं लिहिलं, तेव्हा तो मागच्या बाकावरून उठला आणि एखादी संख्या स्वतःपेक्षाच एकानं मोठी कशी, असं विचारू लागला. पोराची अडचण रास्त होती, पण मॅडमना पोर्शन संपवायची घाई. परीक्षेत असंच लिहायचं, असं सांगून त्या पुढं गेल्या. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हे तुझ्या डोक्याचं काम नाही, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. वर्ग हसला. पुढच्या वर्षी सम्यक आलाच नाही.

मॅडमही ते विसरून गेल्या होत्या. यंदा, निवृत्ती जवळ आली असताना, कॉलेजात नव्यानं नोकरीला लागलेली प्राध्यापिका प्रेरणा स्टाफरूममध्ये सहज बोलून गेली. फंक्शनल प्रोग्रामिंग नावाच्या वेगळ्या पद्धतीतून संगणकशास्त्र शिकवणारी पुस्तकं असतात, म्हणे. त्यांत एकदा एक्ससारख्या नावाला किंमत दिली की ती बदलत नाही, अगदी गणितात असते तशी. मॅडमच्या हातातला कप हातातच राहिला. कुणीतरी त्या पोराच्या बाजूनं अख्खी पुस्तकं लिहून ठेवली होती.

सम्यकच्या दुकानाचा पत्ता त्याच्या एका वर्गमित्राकडून मिळाला, मग पुस्तकाचा शोध सुरू झाला. शहरातल्या क्रांती चौकातली पुस्तकांची दुकानं त्यांनी पालथी घातली. दुकानदार आधी गाइड पुढं करायचे, आणि मॅडमनी मान हलवली की सिलॅबसमध्ये आहे का म्हणून विचारायचे. प्रेरणानं एक पुस्तक मोबाइलवर काढून दिलं, पण सम्यकला मोबाइल दाखवून काय सांगणार? त्याच्या हातात ठेवता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. शेवटी एक मिळालं. कुठं मिळालं, ते त्यांनी प्रेरणालाही सांगितलं नाही.

एक गिऱ्हाईक पाव किलो खिळे मागू लागलं. सम्यकनं पानात बोट घालून खिळे जोखले, पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले आणि पुन्हा वाचायला लागला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मॅडमनी ते याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे मी बराबर होतो," तो म्हणाला.

"होतास. चुकले मीच."

हे वाक्य त्यांनी बसमध्ये, घाट संपेपर्यंत घोकलं होतं.

त्यानं पुस्तक उलट चाळत पहिल्या पानापर्यंत आणलं आणि तिथं थांबला. पानावर कॉलेजच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का होता. शिक्क्याखालची तारीख तो कॉलेजात आला त्याच्याही आधीची होती.

चहा आला. कुणीही कप उचलला नाही.

"रीडिंग रूममधल्या काचेच्या कपाटात होतं," न विचारताच मॅडम म्हणाल्या. त्या कपाटाला पाठ लावून त्यांनी वर्षानुवर्षं पेपर तपासले होते. काचेमागं काय आहे, हे एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

सम्यकनं मान वर केली. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो त्यांच्यासाठीच काहीतरी शोधत होता, त्यांना आधाराला धरता येईल अशी एखादी सबब.

"कुलूप असंल की कपाटाला," तो म्हणाला. "लायब्ररीवाले काय उघडून देत नाय. व्हय ना, मॅडम?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं. मॅडमनी एकदा त्याच्यामागच्या भिंतीवरच्या कुलपांकडं पाहिलं.

"नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "नुसतं लोटलेलं होतं."