हौद रिकामा करताना

मी एक जुना पोहण्याचा हौद आहे. लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी डाळीचे व्यापारी शिवमूर्ती यांनी मला आपल्या बंगल्याच्या मागच्या अंगणात बांधून घेतलं. नव्या जिल्ह्यात नवे साहेब येत होते आणि शिवमूर्तींना त्या सगळ्यांना घरी बोलवायचं होतं.

मला बांधणारे गवंडी गुरुपादप्पा उदगीरचे. मितभाषी माणूस. काम संपलं त्या दिवशी माझ्यापासून दहा पावलांवर असलेल्या आडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "मालक, ह्यो हौद कवा रिकामा करायचा झाला तर आधी आड बघा. पाणी खोल गेलं असंल तर बिनघोर उपसा. पर आडात पाणी वर आलं असंल तर हात लावू नका. खालून पाण्याचा रेटा येतो, काळी माती फुगती, आन् आत वजन ऱ्हात न्हाई. हौद उचलतो."

"एवढा लोखंड-सिमेंटचा हौद उचलतो होय!" शिवमूर्ती मोठ्याने हसले.

चहा घेऊन आलेली त्यांची नवी सून महानंदा मात्र हसली नाही. ती देगलूरकडच्या शेतकऱ्याची लेक. काळी माती काय करते, ते तिने माहेरच्या भिंतींना गेलेल्या तड्यांत पाहिलं होतं.

मित्रांनो, माझे सुरुवातीचे दिवस फार कौतुकाचे गेले. पाहुणे माझ्या निळ्या फरशीवरून हात फिरवत. शिवमूर्ती मला 'आमचा हौद' म्हणत, आणि 'आमचा' या शब्दावर जरा जास्तच जोर देत.

मग पाऊस रुसला. पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी जवळपास पडलाच नाही. बोअर आटली, आडाचा तळ दिसू लागला. माझ्यात नवं पाणी येईना आणि जुनं हलेना. मी हिरवा झालो. काठावर शेवाळ धरलं, पाण्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. गल्लीत थंडीतापाची साथ आली. शेजारची तारामती आठ दिवस अंथरुणात कण्हत होती, आणि तिचं कण्हणं मला माझ्या जागेवर ऐकू येत होतं. याला कारण मीच, असं मला वाटे. पण मला बोलता येत नव्हतं.

महानंदा बोलली. "मामा, हौद उपसा. हे पाणी आता कुणाच्या कामाचं न्हाई, उलट घात करायलंय."

"हौद कोरडा दिसला तर लोक काय म्हणतील? शिवमूर्तीचा धंदा बसला म्हणतील!"

"आन् तारामतीला काय झालं तर काय म्हणतील?"

शिवमूर्तींनी 'करा काय ते' म्हणून हात झटकला. महानंदाने आडात डोकावून पाहिलं. पाणी पार तळाला होतं, जमीन भेगाळलेली होती. हीच वेळ होती. घरचा गडी भुजंग याने पंप लावला. ते पाणी पिण्याजोगं नव्हतं. पण गल्लीतल्या बायांनी फरशा धुवायला नेलं, उरलेलं लिंबांच्या झाडांना गेलं. माझा तळ घासून झाल्यावर उन्हाने मी तडकू नये म्हणून महानंदाने माझ्यावर बांबू टाकून तट्टे पसरले. नंतर मात्र माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. दीड वर्ष मी तसाच अंधारात कोरडा पडून होतो.

मग भादव्यात पाऊस असा लागला की तीन दिवस उसंत नाही. भेगा बुजल्या. माती पाणी पिऊन फुगू लागली आणि चारही बाजूंनी मला दाबू लागली. माझ्यात मांडीभर गढूळ पाणी साचलं. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप झाली, आणि शिवमूर्तींना हुरूप आला. रविवारी साहेब जेवायला येणार होते.

"भुजंग, पंप लाव. सगळा गाळ काढ." ते स्वतः तट्टे बाजूला सारून, धोतर खोचून, खराटा घेऊन माझ्या खोल बाजूला उतरले.

मित्रांनो, तेवढं गढूळ पाणीच मला दाबून धरत होतं. ते जसं कमी होऊ लागलं, तसा खालचा रेटा वाढला. तळाच्या सांध्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. शिवमूर्तींना वाटलं, साधी गळती आहे. ते वाकून पाहू लागले. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक रेघ उमटली.

महानंदा धुणं वाळत घालत होती. फरशी तडकल्याचा आवाज तिने ऐकला. आधी ती आडाकडे धावली. दोन हातांवर पाणी!

"मामा, वर या! भुजंगदादा, पंप बंद करा!"

"अगं, निम्मं काम झालंय..."

"आड भरलाय मामा! भिंत अंगावर येतीय, वर या म्हनते ना!"

त्या घरात सासऱ्यावर कोणी ओरडलं नव्हतं. त्या धक्क्यानेच ते शिडीपर्यंत आले. ते तिसऱ्या पायरीवर असताना फरशीचा एक पट्टा सुटला आणि ते मघाशी उभे होते तिथेच कोसळला. माझा काठ जमिनीपासून बोटभर वर उचलला गेला होता.

"आता काय करू वं, ताई?" भुजंगने पंप बंद करून विचारलं.

"पंपाचं तोंड आडात टाका. पाणी हौदात सोडा."

"गढूळच सोडू?"

"कसलंबी! वजन पायजे."

आडातलं पाणी धो धो माझ्यात येऊ लागलं. आड उपसला तसा खालचा रेटा कमी झाला, आतलं वजन वाढलं. दुपारपर्यंत मी कमरेइतका भरलो आणि भिंतीवरची रेघ वाढायची थांबली. मी वाचलो.

शिवमूर्ती माझ्या काठावर बसले होते. त्यांच्या हातातला खराटा अजून सुटला नव्हता. तो बाजूला ठेवून ते म्हणाले, "महानंदा, मला वाटलं हौद माझा हाय, मी म्हनंल तवा रिकामा व्हईल."

"हौद तुमचाच हाय मामा. पर खालची माती तुमचं ऐकत न्हाई."

मित्रांनो, माझ्या भिंतीवर सिमेंटचा तो लांब वण आजही आहे. पाणी सडलं, रोगराई पसरू लागली, डागडुजी निघाली, तर आम्हा हौदांना जरूर रिकामं करा. पण आधी खालच्या जमिनीचा अंदाज घ्या, आणि जो जाणतो त्याला विचारा. तो घरातला सगळ्यात धाकटा माणूस असला, तरी विचारा.